देश मुलांना दिलेला शब्द पाळतो का, हे तपासायचे कसे

मुलांच्या बाबतीत बहुतेक देशांचे कायदे वाचायला चांगले असतात. शिक्षण मोफत, जन्मनोंद सक्तीची, बालमजुरीला मनाई, अत्याचाराला कडक शिक्षा. तरीही एखादी दहा वर्षांची मुलगी शाळेच्या वेळेत परक्याच्या घरी भांडी घासत असते आणि तिच्या जन्माची नोंद कुठल्याच दप्तरात सापडत नाही. तो चांगला कायदा आणि ती मुलगी यांच्यामध्ये कुठेतरी काहीतरी तुटलेले असते. नेमके कुठे तुटले आहे ते शोधून काढणे आणि ज्यांनी ते सांधायचे त्यांच्यासमोर पुराव्यानिशी ठेवणे, याला मी देखरेख म्हणतो. त्यासाठी मोठी संस्था पाठीशी हवी असे नाही. पत्रकार, शिक्षक, कायद्याचे विद्यार्थी, चार-पाच जणांचा अभ्यासगट, कुणालाही हे जमते. चिकाटी मात्र हवी.

आधी वचने गोळा करा

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 20 नोव्हेंबर 1989 रोजी बालहक्क करार मंजूर केला आणि 2 सप्टेंबर 1990 पासून तो लागू झाला. आज 196 पक्ष, म्हणजे करार मान्य करून त्यात सामील झालेले, त्याने बांधलेले आहेत. अमेरिकेने 1995 मध्ये त्यावर सही केली, पण अनुसमर्थन, म्हणजे करार स्वतःवर बंधनकारक करून घेणे, अजूनही केलेले नाही. बाकी जवळपास कुठलाही देश निवडा, करार त्याला लागू असतोच.

पण ‘मान्य केला’ एवढ्यावर थांबू नका. देशाने कुठली कलमे आपल्याला लागू नाहीत असे सांगून ठेवले आहे का ते बघा. कराराच्या मूळ हेतूशी विसंगत अट घालता येत नाही, असे कलम 51 सांगते. तरी बऱ्याच देशांनी मोघम अटी घातल्या आणि काहींनी त्या नंतर मागे घेतल्या. मग तीन पूरक करार तपासा: सशस्त्र संघर्षातील मुलांविषयीचा, मुलांची विक्री व लैंगिक शोषण याविषयीचा (हे दोन्ही 2000 सालचे), आणि मुलांना थेट संयुक्त राष्ट्रांकडे तक्रार करता यावी यासाठीचा 2011 चा. तिसरा पूरक करार न स्वीकारलेले देश खूप आहेत आणि ही बाब तुमच्या अहवालात यायला हवी. त्याशिवाय आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे दोन करार येतात, कामाला लागण्याच्या किमान वयाचा क्रमांक 138 आणि बालमजुरीच्या सर्वात वाईट प्रकारांचा क्रमांक 182. देश आफ्रिकेतला असेल तर 1990 ची आफ्रिकी बालहक्क व बालकल्याण सनदही पाहावी लागते; तिची स्वतंत्र तज्ज्ञ समिती आहे.

यानंतर जो दस्तऐवज वाचायचा तो बाकी सगळ्यांपेक्षा मोलाचा आहे. करारावर लक्ष ठेवणारी 18 तज्ज्ञांची बालहक्क समिती जिनिव्हात बसते. कलम 44 प्रमाणे देशाने पहिला अहवाल दोन वर्षांत आणि पुढचे दर पाच वर्षांनी द्यायचे असतात. अहवालावर प्रत्यक्ष चर्चा झाली की समिती आपले निष्कर्ष आणि शिफारशी लिहून काढते. आपल्या देशाबद्दलचे ताजे निष्कर्ष आणि त्याच्या आधीचे, असे दोन्ही छापून शेजारी शेजारी ठेवा. दोन्हीकडे जवळपास त्याच शब्दांत आलेली शिफारस दिसली की तिच्यावर खूण करा. इतकी वर्षे सरकारला सांगूनही ते काम झालेले नाही, याचा तो समितीनेच दिलेला पुरावा असतो. अलीकडच्या निष्कर्षांत सुरुवातीलाच तातडीची क्षेत्रे वेगळी काढलेली असतात, तीही टिपून घ्या.

एकच विषय घ्या

समिती मुलांच्या हक्कांची मांडणी साधारण नऊ गटांत करते: अंमलबजावणीची सर्वसाधारण व्यवस्था, मुलाची व्याख्या, मूळ तत्त्वे, नागरी हक्क, हिंसा, कुटुंब व पर्यायी संगोपन, आरोग्य व अपंगत्व, शिक्षण व खेळ, आणि विशेष संरक्षण. नऊही गट एकदम हाती घेणारा अभ्यासगट सहसा मध्येच दमतो आणि सरकारी अहवालाचीच उजळणी करून मोकळा होतो. एक विषय घ्या, फार तर दोन. ज्याची माहिती तुम्हाला मिळू शकते, ज्यातली मुले किंवा त्यांच्यासोबत काम करणारी माणसे तुमच्या ओळखीची आहेत आणि ज्यावर येत्या एक-दोन वर्षांत काही निर्णय व्हायचा आहे, असा विषय निवडलेला बरा.

वचनापासून मुलापर्यंतची वाट आखा

मानवी हक्कांच्या मोजमापात निर्देशकांचे तीन प्रकार मानतात: रचना, प्रक्रिया आणि परिणाम. कायदा आणि यंत्रणा आहे का, ती चालते का, आणि मुलाच्या आयुष्यात काही फरक पडला का. बहुतेक सरकारी अहवाल पहिल्या प्रश्नाचे लांबलचक उत्तर देतात, दुसऱ्याला ओझरता स्पर्श करतात आणि तिसऱ्याशी येईपर्यंत संपतात. आपण उलटीकडून निघायचे. मुलापासून सुरुवात करून मागे मागे जायचे.

जन्मनोंदीचे उदाहरण घेऊ. कराराचे कलम 7 म्हणते की मुलाची नोंद जन्मानंतर लगेच व्हावी. युनिसेफच्या 2024 च्या अंदाजाप्रमाणे जगात पाच वर्षांखालच्या सुमारे 15 कोटी मुलांची नोंदच झालेली नाही. आता तुमच्या देशातले एक नोंद नसलेले मूल डोळ्यांसमोर आणा आणि मागे चला. मूल घरी जन्मले की दवाखान्यात? घरी जन्मले असेल तर नोंदणी कार्यालयाला कळवायचे कुणी, आणि त्या माणसाला हे आपले काम आहे हे माहीत आहे का? कार्यालय किती लांब आहे, आठवड्यातून किती दिवस उघडे असते? आईकडे ओळखपत्र नसेल, वडिलांचे नाव द्यायचे नसेल, आई-वडील दुसऱ्या देशातून आलेले असतील, तर खिडकीमागचा कारकून अर्ज घेतो की परत पाठवतो? नोंद मोफत आहे असे कायदा म्हणतो, पण दाखल्याची प्रत मोफत आहे का? उशीर झाला तर दंड किती, प्रतिज्ञापत्र लागते का, त्याचा खर्च किती?

हे प्रश्न कागदावर उतरवले की समजते की ‘जन्मनोंद कमी आहे’ हे वाक्य कुणाच्याच उपयोगाचे नाही. ‘आईचे ओळखपत्र नसेल तर अर्ज घेऊ नये असे अंतर्गत परिपत्रक आहे, कायद्यात मात्र अशी अट नाही’ या वाक्यावर कुणाला तरी उत्तर द्यावे लागते. वाट कुठे अडली आहे हे इतक्या बारकाईने सांगता आले पाहिजे.

नुसत्या कायद्याने काम भागत नाही हे जाणून ते नीट करणारे देशही आहेत. स्वीडनने 1979 मध्ये मुलांना मारण्यावर बंदी घातली. असे करणारा तो पहिला देश. कायदा करून सरकार थांबले नाही. मुले असलेल्या घरोघरी पुस्तिका गेली आणि दुधाच्या खोक्यांवर या कायद्याची माहिती छापली गेली. सकाळी दूध ओतताना आई-वडिलांना आणि मुलांनाही ती वाचायला मिळे. तुमच्या देशाच्या कायद्यामागे असे काय केले गेले, हा प्रश्न प्रत्येक विषयात विचारा. करार मुलांना आणि मोठ्यांना समजावून सांगण्याची जबाबदारी कलम 42 सरकारवरच टाकते.

आकडे वाचताना

आकडे दोन ठिकाणांहून येतात. एक घरोघरचे सर्वेक्षण, जसे युनिसेफच्या पाठबळाने अनेक देशांत होणारे बहुनिर्देशक सर्वेक्षण. दुसरे शाळा, दवाखाने, पोलीस, न्यायालये यांच्या रोजच्या नोंदी. दोन्हींचे अंतरंग वेगळे आहे आणि ते समजल्याशिवाय त्यांतला एकही आकडा वापरू नये.

घरोघरच्या सर्वेक्षणात घर असलेली मुलेच सापडतात. बालगृहातली, रस्त्यावर राहणारी, तुरुंगातली, छावणीतली, हंगामी कामासाठी सतत फिरणाऱ्या कुटुंबांतली मुले त्यातून सुटतात. ज्यांचे हक्क सर्वांत जास्त तुडवले जातात तीच मुले सरासरीत नसतात. म्हणून प्रत्येक आकड्याखाली एक ओळ लिहायची सवय लावा: ‘यात कोण मोजलेले नाही’. माझ्या मते चांगल्या देखरेख अहवालाची पारख याच ओळीवरून होते.

प्रश्न कुणाला विचारला हेही बघा. शिस्तीच्या नावाखाली होणाऱ्या मारहाणीची माहिती त्या सर्वेक्षणात मोठ्यांना विचारून मिळवतात, मुलांना विचारून नाही. व्याख्याही तपासा. घरातल्या कामाला धरले आहे का, आठवड्याला किती तासांपुढे मजुरी मानली आहे, यावर बालमजुरीचा आकडा हलतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनिसेफ यांच्या अंदाजाने 2024 मध्ये जगात 13.8 कोटी मुले बालमजुरीत होती, त्यांतली सुमारे 5.4 कोटी धोकादायक कामात. शाश्वत विकास उद्दिष्टांमध्ये 2025 पर्यंत बालमजुरी संपवू असे जगाने ठरवले होते. तुमच्या देशाचा आकडा या हिशोबाच्या व्याख्येशी जुळतो का, हे पाहूनच तुलना करा.

राष्ट्रीय सरासरीवर समाधान मानू नका. मुलगा-मुलगी, वय, प्रदेश, अपंगत्व, भाषा, वंश, घरची मिळकत अशी फोड मागा. अपंगत्वाची फोड बहुधा मिळत नाही. मिळत नसेल तर तसे लिहा, कारण माहिती गोळा न करणे हीसुद्धा सरकारची एक कृती आहे आणि समिती त्याबद्दल प्रश्न विचारते.

आणखी एका जागी माणसे हमखास फसतात. लैंगिक अत्याचाराच्या नोंदवलेल्या तक्रारी एका वर्षात दुप्पट झाल्या तर अत्याचार दुप्पट झाले असा अर्थ लगेच काढू नये. नवी मदतवाहिनी सुरू झाली असेल, पोलीस तक्रार घ्यायला लागले असतील, मुले बोलायला लागली असतील. उलट एखाद्या प्रदेशातून वर्षभरात एकही तक्रार आली नाही, तर तिथे आधी जायला हवे.

पैसा कुठे गेला

कलम 4 सांगते की उपलब्ध साधनांच्या जास्तीत जास्त मर्यादेपर्यंत देशाने मुलांच्या हक्कांवर खर्च करावा. सार्वजनिक अर्थसंकल्पाबाबत समितीने 2016 मध्ये स्वतंत्र मार्गदर्शन दिले आहे, सर्वसाधारण टिप्पणी क्रमांक 19. ते जवळ ठेवा.

एका योजनेचे तीन आकडे शोधा: मूळ तरतूद, सुधारित तरतूद, प्रत्यक्ष खर्च. घोषणा पहिल्या आकड्यावर होते, मुलापर्यंत तिसरा पोचतो. समजा तरतूद 100 वरून 106 झाली आणि महागाई 8 टक्के होती, तर तरतूद वाढलेली नाही, घटली आहे. मुलांची संख्या वाढली असेल तर दरडोई आणखी घट. खर्च कुठल्या महिन्यांत झाला तेही पाहा; वर्षाच्या अखेरच्या महिन्यात सगळा पैसा उडाला असेल तर आधीचे अकरा महिने ती सेवा कशावर चालली हे विचारायला हवे. महालेखापालांचे अहवाल कंटाळवाणे दिसतात, पण रिकाम्या जागा आणि न वापरलेला निधी यांची माहिती तिथेच सापडते. पदे मंजूर किती, भरलेली किती, एका समाजसेवकाकडे किती मुलांच्या फाइली, हे तीन आकडे एकत्र ठेवले की बहुतेक वेळा यंत्रणा का चालत नाही ते उलगडते.

जाऊन बघा

मुले ठेवलेल्या संस्थांना भेट देण्याची परवानगी मिळाली तर काय बघायचे हे आधीच ठरवून जा, नाहीतर स्वागताची फुले आणि रंगवलेल्या भिंती बघून परत येणे होते. मी तक्रारपेटीपासून सुरुवात करायला सांगेन. पेटी कुठे टांगली आहे? अधीक्षकांच्या दाराशेजारी असेल तर कुठले मूल तिथे चिठ्ठी टाकेल? लहान मुलाचा हात पोचतो का? कुलूप कुणाचे, किल्ली कुणाकडे, शेवटची कधी उघडली, कोणासमोर? ज्या मुलाला लिहिता येत नाही त्याने काय करायचे?

मग भेटवही मागा. निरीक्षकांचे शेरे क्रमाने वाचा. ‘भेट दिली, सर्व समाधानकारक’ हेच वाक्य महिनोन् महिने त्याच अक्षरात, त्याच पेनने लिहिलेले दिसले तर तारखांसह नोंद करा. मुलांच्या दाखल होण्याच्या नोंदीत बाहेर पडण्याची तारीख आणि ‘कुठे गेले’ हा रकाना भरलेला आहे का? तो रिकामा असेल तर ते मूल आज कुठे आहे हे शोधायलाच हवे. रात्री किती कर्मचारी असतात, आतून कुणी कडी लावली तर बाहेरून उघडते का, शेवटचे जेवण किती वाजता, हे प्रश्न साधे आहेत आणि त्यांची उत्तरे पडताळता येतात.

कायद्याशी संघर्ष झालेल्या, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या, मुलांचा विषय असेल तर एक माप आधीपासून तयार आहे. 2019 च्या सर्वसाधारण टिप्पणी क्रमांक 24 मध्ये समितीने गुन्हेगारी जबाबदारीचे किमान वय निदान 14 असावे असे सांगितले आहे. तुमच्या देशात ते किती, आणि गंभीर गुन्ह्यांसाठी मागच्या दाराने कमी केले आहे का, हे तपासा.

मुलांशी बोलण्याआधी

कलम 12 प्रमाणे आपल्याशी संबंधित बाबीत मत मांडण्याचा मुलांना हक्क आहे आणि त्या मताला त्यांच्या वयाप्रमाणे व समजेप्रमाणे वजन द्यायचे असते. म्हणून मुलांना न विचारता केलेली देखरेख अपुरी राहते. पण घाईत, तयारीशिवाय विचारलेली मुले दुखावतात, कधी संकटातही सापडतात. मुलाची सुरक्षितता आणि तुमचा अहवाल यांत निवडायची वेळ आली तर अहवाल सोडून द्या.

प्रत्यक्षात याचा अर्थ असा. बोलायला जाण्याआधी मदतीची व्यवस्था हातात हवी: मुलाने चालू अत्याचार सांगितला तर त्याच दिवशी कुणाला कळवायचे, समुपदेशक कोण, कायद्याने तक्रार करणे बंधनकारक आहे का. ‘कुणालाही सांगणार नाही’ असे वचन मुलाला कधीच देऊ नका, कारण ते पाळता येत नाही. त्याऐवजी सुरुवातीलाच स्पष्ट सांगा की तुला किंवा दुसऱ्या कुणाला धोका आहे असे वाटले तर मला मदत मागावी लागेल. पालकांची परवानगी घ्या, पण मुलाची स्वतःची संमती वेगळी घ्या आणि मधेच थांबायचे असेल तर कारण न देता थांबता येईल हे त्याला कळू द्या. घडलेला अत्याचार पुन्हा सांगायला लावू नका. ‘इथे मुलांना कुठे सुरक्षित वाटते, कुठे नाही, तक्रार असेल तर मुले कुणाकडे जातात’ अशा प्रश्नांतून पुरेसे कळते. लहान मुलांना शाळेचा किंवा वस्तीचा नकाशा काढून त्यात भीतीच्या जागा रंगवायला दिल्या की शौचालयाकडचा अंधारा रस्ता, वर्गामागची मोकळी जागा असे ठिपके आपोआप उमटतात, आणि कुणा एका मुलावर बोट ठेवावे लागत नाही.

फोटो नको. नाव बदलून भागत नाही. गावाचे नाव, वय, वडिलांचा धंदा आणि घटनेचा महिना एकत्र आले की मूल ओळखू येते. आणि अहवाल तयार झाला की त्या मुलांकडे परत जाऊन त्यांच्या म्हणण्याचे काय केले ते त्यांच्या भाषेत सांगा.

लिहून कुठे द्यायचे

कलम 45 मुळे समितीला सरकारबाहेरच्या जाणकारांकडून माहिती घेता येते, आणि त्यातून पर्यायी अहवालांची, म्हणजे सरकारी अहवालाखेरीज इतरांनी दिलेल्या अहवालांची, प्रथा पक्की झाली. आपल्या देशाची पाळी कधी येते ते संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क उच्चायुक्त कार्यालयाच्या संकेतस्थळावर पाहा. समितीची सत्रे वर्षातून तीनदा होतात आणि सरकारला विचारायचे मुद्दे त्याच्या कितीतरी आधी ठरतात. तुमची माहिती मुद्दे ठरण्याआधी पोचली तर उपयोग सर्वांत जास्त. जिनिव्हातले ‘चाइल्ड राइट्स कनेक्ट’ हे संस्थांचे जाळे अशा अहवालांसाठी मदत करते. मुलांनाही स्वतःचा अहवाल देता येतो. अहवाल उघड झाल्यास कुणाला धोका असेल तर तो गोपनीय ठेवण्याची विनंती करता येते.

दुसरी जागा म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेचा सार्वत्रिक नियतकालिक आढावा, जो 2008 पासून चालतो आणि ज्यात प्रत्येक देशाला इतर देश प्रश्न विचारतात. तिथे एका संस्थेने 2,815 शब्दांत, अनेकांनी मिळून 5,630 शब्दांत म्हणणे मांडायचे असते. ही मर्यादा चांगली शिस्त लावते.

तिसरा मार्ग व्यक्तिगत तक्रारीचा, पण देशाने 2011 चा पूरक करार स्वीकारला असेल तरच. आधी देशातले सगळे उपाय करून झालेले असावे लागतात आणि त्यानंतर साधारणपणे एका वर्षाच्या आत तक्रार द्यावी लागते. 2019 मध्ये स्वीडनची हवामान कार्यकर्ती ग्रेटा थुनबर्ग हिच्यासह 16 मुलांनी हवामान बदलाबाबत पाच देशांविरुद्ध तक्रार केली. सीमेपलीकडच्या हानीचीही जबाबदारी देशावर येऊ शकते हे समितीने 2021 मध्ये मान्य केले, पण देशांतर्गत उपाय न केल्यामुळे तक्रार पुढे गेली नाही. हे उदाहरण लक्षात ठेवून न्यायालयातले आणि आयोगाकडचे कागद पहिल्या दिवसापासून जपा.

देशातल्या यंत्रणा मात्र सर्वांत आधी. नॉर्वेने 1981 मध्ये जगातला पहिला बाल लोकपाल, म्हणजे मुलांच्या हक्कांवर लक्ष ठेवणारा अधिकारी, नेमला. आता अनेक देशांत असे पद किंवा बालहक्क आयोग आहे. त्याच्याकडे लेखी निवेदन द्या आणि त्याची स्वतःचीही तपासणी करा: नेमणूक कोण करते, बजेट कुणाच्या हातात आहे, मुलांकडून थेट तक्रार घेता येते का, न कळवता बालगृहात जाता येते का.

शिफारस लिहिताना क्रियापदाकडे लक्ष द्या. ‘सरकारने बालमजुरी रोखण्यासाठी प्रयत्न वाढवावेत’ यावर सरकार पुढच्या वेळी ‘प्रयत्न वाढवले’ असे उत्तर देईल आणि कुणालाच काही म्हणता येणार नाही. ‘कामगार खात्याने घरकामाला निरीक्षकांच्या अधिकारकक्षेत आणणारी दुरुस्ती पुढच्या वर्षअखेरीपर्यंत मांडावी आणि केलेल्या तपासण्यांची प्रदेशवार संख्या दर सहा महिन्यांनी जाहीर करावी’ असे लिहिले की झाले किंवा नाही झाले, एवढेच उत्तर उरते.

त्यानंतरची वर्षे

समितीशी होणारी चर्चा संयुक्त राष्ट्रांच्या वाहिनीवरून सगळ्यांना पाहता येते. शिष्टमंडळाने तिथे तोंडी दिलेली आश्वासने वेळेसह उतरवून घ्या, कारण लेखी उत्तरांत ती नेहमी येत नाहीत. निष्कर्ष हाती आले की पहिल्या महिन्यात त्यांचा देशातल्या भाषेत अनुवाद करा, मुलांसाठी सोपी आवृत्ती काढा आणि एक तक्ता बनवा: शिफारस, जबाबदार खाते, आजची स्थिती, पुरावा, तपासल्याची तारीख. दर सहा महिन्यांनी तो भरून संबंधित खात्याला आणि संसदेच्या समितीला पाठवा.

वापरलेल्या प्रत्येक सरकारी कागदाची प्रत तारखेसह साठवून ठेवा. संकेतस्थळे बदलतात, पाने गायब होतात, जुन्या तक्त्यांतले आकडे नव्याने भरले जातात. मुलांनी सांगितलेली माहिती मात्र या साठ्यात मिसळू नका; ती वेगळ्या कुलपात असावी, ती कोण उघडू शकते हे लिहून ठेवलेले असावे आणि काम संपल्यावर ती कधी नष्ट करायची तेही आधीच ठरलेले असावे. अहवालाचे चक्र अनेक वर्षांचे असते, तोवर गटातली माणसे बदलतात. म्हणून तक्ता, प्रती आणि खात्यांशी झालेला पत्रव्यवहार पुढच्या माणसाकडे सोपवताना त्याच्यासोबत बसून किमान एक शिफारस पहिल्या कागदापासून शेवटच्या उत्तरापर्यंत वाचून दाखवा.